प्रकल्प नोंदी: काजूच्या पेढीला कोणत्या प्रकारचे सॉफ्टवेअर? (म्हापसा, २०२५)

९ जून २०२५

कामाची चौकट ठरली. भागीदारी पेढी आहे. सत्तरीत काजू फोडण्याचा कारखाना, म्हापसा आणि पणजीला एकेक दुकान. दुकानात साधा गर, खारवलेला काजू, भेटपेट्या आणि वेगळ्या परवान्यावर फेणी. हिशेब टॅलीप्राइमवर, कारखान्याचे लॉट वहीत, दुकानाची बिले एका जुन्या बिलिंग प्रोग्रॅमवर.

मागणी आली ती अशी: "एकच सॉफ्टवेअर हवे, सगळे एका जागी." ती खोदून पाहिली तेव्हा मालकांना रात्री एका पडद्यावर तिन्ही ठिकाणचा साठा आणि दोन्ही गल्ले दिसले की पुरे, एवढेच निघाले. त्यासाठी सॉफ्टवेअर एकच असावे लागत नाही. आकडे रोज वेळेवर एका जागी यावे लागतात. हा फरक आत्ताच लिहून ठेवला, कारण पुढचा प्रत्येक विक्रेता 'एकच' या शब्दावर बोट ठेवून मोठे पॅकेज पुढे करणार.

वेळेचे बंधन गोव्यातल्या धंद्याला साजेसे: पावसाळ्यात निवड आणि चाचणी, ऑक्टोबरात दुकान चालू. १५ डिसेंबर ते ५ जानेवारी काउंटरवरच्या कशालाही हात लावायचा नाही. कारखान्याची घडी नवी बी यायच्या आत, म्हणजे फेब्रुवारीपूर्वी बसायला हवी.

१३ जून

कागद कुठे जन्मतो आणि कुठे संपतो ते पाहिले. वैशिष्ट्यांची यादी करण्याआधी हे करावे. यादी कोणीही शंभर ओळींची करून देतो.

कच्ची बी बागायतदारांकडून येते. शेतकऱ्याकडून न सोललेली काजूबी घेताना जीएसटी खरेदीदाराला उलट आकारणीने भरावा लागतो, म्हणजे पेढीला स्वतःच्याच नावे खरेदीचे बीजक काढावे लागते. १ नोव्हेंबर २०२४ पासून त्याला माल मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे. हा कर रोखीच्या खात्यातून भरायचा, जमा क्रेडिटमधून (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीतून) नाही. भरल्यावर त्याचे क्रेडिट मिळते. दुकानाच्या बिलिंग सॉफ्टवेअरला सहसा ही भानगड जमत नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला जमते.

फेणीचे उलटे. मानवी सेवनाचे मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. 'शून्य दर', 'माफ' आणि 'जीएसटीबाहेर' हे तीन वेगळे कप्पे आहेत आणि जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) च्या ८ क्रमांकाच्या तक्त्यात ते वेगवेगळे दाखवावे लागतात. जुन्या प्रोग्रॅममध्ये फेणी शून्य टक्क्याखाली बसवली आहे. नव्या सॉफ्टवेअरात तिसरा कप्पा नसेल तर ते पहिल्याच फेरीत बाद.

याला एक शेपूट आहे. जीएसटी कायद्याच्या व्याख्येत माफ पुरवठ्यात करबाह्य पुरवठाही येतो, म्हणून एकूण उलाढाल मोजताना फेणीची विक्री धरावी लागते. ५ कोटींच्या वर उलाढाल गेली की नोंदणीकृत ग्राहकांच्या बीजकांना ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बीजक) लागते (१ ऑगस्ट २०२३ पासूनची मर्यादा), आणि एकदा कोणत्याही मागच्या वर्षात ती ओलांडली की पुढे उलाढाल घटली तरी सुटका नाही. पेढी काठावर आहे. नुसत्या काजूचा आकडा पाहून "आपल्याला लागू नाही" म्हणणे धोक्याचे. शिवाय दुकानभाड्यासारख्या सामाईक खर्चावरचे क्रेडिट फेणीच्या प्रमाणात सोडावे लागते, म्हणून दोन्ही विक्रीचा महिन्याचा फोडलेला आकडा सॉफ्टवेअरमधून सरळ निघायला हवा.

२० जून

कारखाना. खरी गाठ इथेच आहे.

बहुतेक तयार सॉफ्टवेअर 'अनेक कच्च्या मालांतून एक पक्का माल' असे धरून चालते: पीठ, साखर, तूप घातले की बिस्किट. काजूत एका बीतून अनेक माल निघतात: डब्ल्यू २४० आणि डब्ल्यू ३२० (अख्ख्या गराच्या ग्रेड), पाकळी, तुकडा, वर टरफल आणि साल. कोणत्या लॉटमधून कोणती ग्रेड किती निघेल हे फोडून, वाळवून, निवडून झाल्यावरच कळते. आधी ठरवलेले साचेबंद प्रमाण उपयोगाचे नाही.

दुसरी अडचण खर्च वाटण्याची. चाचणीसाठी असे आकडे धरले: १,००० किलो बी, टरफलाचे पैसे वजा जाता मालासकट सगळा खर्च १,६०,००० रुपये, गर निघाला २२० किलो. वजनावर खर्च वाटला तर प्रत्येक किलो ७२७ रुपयांना पडतो. तुकडा ६०० ला विकला जातो, म्हणजे कागदोपत्री किलोमागे १२७ रुपये तोटा, आणि मोठ्या ग्रेडवर भरमसाट नफा. दोन्ही खोटे. विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटले तर चित्र असे (विक्री आणि पडता म्हणजे खर्चाचा भाव, दोन्ही किलोमागे रुपयांत):

डब्ल्यू २४०: ४० किलो, विक्री १,०००, पडता ८६९.५७
डब्ल्यू ३२०: ९० किलो, विक्री ९००, पडता ७८२.६१
पाकळी: ५० किलो, विक्री ७८०, पडता ६७८.२६
तुकडा: ४० किलो, विक्री ६००, पडता ५२१.७४

एकूण विक्रीमूल्य १,८४,०००. खर्च त्याच्या ८६.९६ टक्के, तोच टक्का सगळ्यांना. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: हा तक्ता तुमच्या सॉफ्टवेअरमधून काढून दाखवा.

तिसरी गोष्ट लॉट. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आफ्रिकेतून आलेली बीही गोव्यात फोडली जाते. मानांकनाच्या नावाखाली माल विकायचा तर पिशवीवरून मागे जात बी कुठली होती ते दाखवता आले पाहिजे. लॉट क्रमांक बीच्या पोत्यापासून दुकानाच्या फळीपर्यंत तुटता कामा नये.

२७ जून

प्रकार समोर मांडले. नावे नंतर, आधी जात.

हिशेबाचे तयार सॉफ्टवेअर, स्वतःच्या संगणकावर. पेढीकडे आहेच, लेखनिक ते डोळे मिटून चालवतो आणि सीएच्या कार्यालयालाही तेच हवे असते.

ढगावरचे (क्लाउड, म्हणजे नेटवरून चालणारे), महिन्याच्या किंवा वर्षाच्या भाड्याचे. बॅकअप आणि अपडेटची डोकेदुखी जाते, कुठूनही पाहता येते. पण नेट गेले की काम थांबते, आणि भाडे कधीच संपत नाही.

ईआरपी, म्हणजे साठा, कारखाना, विक्री आणि हिशेब एकत्र धरणारे मोठे पॅकेज. यात ईआरपीनेक्स्ट, ओडू यांची मुक्त आवृत्ती परवान्याच्या दृष्टीने फुकट. खर्च बसवणाऱ्याचा, सांभाळणाऱ्याचा आणि मुख्य म्हणजे शिस्तीचा. प्रत्येक हालचालीची नोंद त्याच क्षणी करणारा माणूस प्रत्येक ठिकाणी नसेल तर ईआरपीतला साठा पंधरवड्यात खोटा होतो.

बांधून घेतलेले. हुबेहूब आपल्या मापाचे. पण करदर, ई-इन्व्हॉइसचा आराखडा, विवरणपत्रांचे नमुने बदलतात तेव्हा बदल आपल्याच खिशातून. कायद्याला चिकटलेले काम कधीही बांधून घेऊ नये, हे आमचे स्पष्ट मत. बांधून घ्यायचेच तर जिथे कायदा पोचत नाही तेवढाच तुकडा.

पाचवा प्रकार कोणी विकत नाही म्हणून कोणी सुचवत नाही: असलेल्या सॉफ्टवेअरमधला न वापरलेला भाग.

४ जुलै

खर्च ५ वर्षांचा मांडला, पहिल्या वर्षाचा नाही. माणशी दरमहा ९०० रुपये ऐकायला किरकोळ. ९ वापरकर्त्यांचे ६० महिन्यांचे ४,८६,००० होतात, १८ टक्के जीएसटी धरून ५,७३,४८०. शिवाय फेणीमुळे त्या जीएसटीचे पूर्ण क्रेडिट मिळणार नाही.

'९ वापरकर्ते' हाही आकडा तपासण्याजोगा. एका वेळी लॉगिन असणारे ४ आहेत, एकूण माणसे ९. विक्रेता नावावर मोजतो की एकाच वेळच्या वापरावर, हे लेखी घ्यावे. दुकानात पाळी बदलते तिथे हा फरक दुपटीचा पडतो.

तक्त्यात हमखास विसरले जाणारे रकाने: जुना डेटा साफ करणे, वजनकाट्याची जोडणी, लेबल प्रिंटर, शिकवणी (हंगामी पोरांची दरवर्षी), आणि बाहेर पडताना डेटा काढून घेण्याचा खर्च.

१५ जुलै

पाच विक्रेत्यांना चाचणीचे नमुने पाठवले. त्यांच्या गुळगुळीत डेमो डेटावर काहीही सुंदर दिसते. नमुने पेढीच्या खऱ्या व्यवहारांवरून केले, नावे बदलून. त्यातले महत्त्वाचे:

एकाच ग्राहकाला काजू आणि फेणी. बिल दोन, पैसे एकदाच यूपीआयने. सिंधुदुर्गातल्या नोंदणीकृत दुकानदाराला विक्री: जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो, आपला ३०, म्हणजे आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी) लागला पाहिजे, आणि माल ५०,००० च्या वर असेल तर ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद). भेटपेटी: वेगवेगळ्या करदरांच्या वस्तू एका किमतीत, म्हणजे मिश्र पुरवठा, सगळ्यांत जास्त दर पूर्ण पेटीला. बागायतदाराकडून खरेदी, स्वतःच्या बीजकासह. वर दिलेला ग्रेडिंगचा तक्ता. आणि शेवटचा: नेटची वायर काढा, दहा बिले करा, वायर लावा.

गुणांकाचा तक्ता केला नाही. साठ निकषांना गुण देऊन बेरीज केली की जे जमत नाही ते जमणाऱ्या किरकोळ गोष्टींखाली झाकले जाते. वरचे नमुने पास किंवा नापास, मधले काही नाही.

३० जुलै

निकाल. दोन विक्रेते वायर काढल्यावरच गेले. एकाचे बिल नेटशिवाय झाले, पण दोन काउंटरांनी एकच क्रमांक दिला आणि जोडणी परत येताच एक बिल दुसऱ्यावर चढले. उपाय साधा आहे: प्रत्येक काउंटरची स्वतंत्र मालिका. बीजक क्रमांक जास्तीत जास्त १६ चिन्हांचा असतो. दुकान-काउंटर, आर्थिक वर्ष आणि सहा आकडी अनुक्रम मिळून १५ मध्ये बसते. त्या विक्रेत्याने "पुढच्या आवृत्तीत येईल" असे सांगितले. पुढची आवृत्ती चाचणीत धरत नाही.

ईआरपीवाल्याने ग्रेडिंग दाखवले, लॉटसकट, चांगले दाखवले. पण एका लॉटला लागणाऱ्या नोंदी मोजल्या: उकडणे, फोडणे, भट्टी, साल काढणे, निवड, प्रत्येक टप्प्याला एक. कारखान्यात निवडीचे काम बघणारी बाई वहीत दोन ओळी लिहिते, त्यांतून सगळे कळते. पाच नोंदींतली जास्तीची माहिती कोण वाचणार, याचे उत्तर पेढीत कोणाकडे नव्हते.

८ ऑगस्ट

ग्रेडिंगचा नमुना पेढीच्याच टॅलीप्राइममध्ये चालवून पाहिला. मॅन्युफॅक्चरिंग जर्नल (उत्पादनाची नोंद) आहे, मालाच्या घटकयादीत सहउत्पादन, उपउत्पादन आणि भंगार असे प्रकार देता येतात, खर्चाची टक्केवारीही. बॅच ठेवण्याची सोयही आहे, फक्त चालू केलेली नव्हती. २० जूनचा तक्ता हातचे टक्के घालून निघाला: डब्ल्यू ३२० मुख्य माल, बाकीच्या ग्रेड सहउत्पादन, टरफल उपउत्पादन.

अडचण एकच: टक्के प्रत्येक लॉटला बदलतात. त्यासाठी साधी स्प्रेडशीट: वजने टाका, चालू विक्रीदर टाका, टक्के मिळतात, ते जर्नलमध्ये भरा. लॉटमागे एक नोंद. दर मात्र महिन्यातून एकदाच बदलायचे. रोज बदलले तर दोन लॉटांचा पडता एकमेकांशी ताडून पाहता येत नाही.

१९ ऑगस्ट

निर्णय, लेखी:

हिशेब, उलट आकारणीची खरेदी आणि कारखान्याचे लॉट असलेल्या टॅलीप्राइममध्येच. दुकानांसाठी तयार काउंटर-बिलिंग सॉफ्टवेअर, नेटशिवाय चालणारे, वजनकाट्याचा बारकोड वाचणारे. दोघांमध्ये रात्री एकदा चालणारा छोटा पूल (दुकानाचे आकडे टॅलीत नेणारा प्रोग्रॅम), तेवढाच बांधून घेतलेला. ईआरपी नाही. दुकाने चार झाली किंवा कारखान्यात पाळीनिहाय नोंद करणारा माणूस नेमला गेला, तर हा निर्णय पुन्हा उघडायचा.

चवथीनंतर करार. तोवर दुकानांत गर्दी आहे.

४ सप्टेंबर

काल जीएसटी परिषदेने १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढण्याचे जाहीर केले, अंमल २२ सप्टेंबरपासून. आपल्याला लागते ते एवढे: साधा गर (मालाचा करकोड ०८०१) ५ टक्के होताच, खारवलेला-भाजलेला (करकोड २००८) १२ वरून ५ वर येणार.

करार अजून सहीचा राहिला आहे हे बरेच झाले. चाचणीत एक नमुना वाढवला: १८ सप्टेंबरला १२ टक्क्यांनी विकलेला खारवलेला काजू २५ तारखेला परत आला. क्रेडिट नोट (परताव्याची नोट) १२ टक्क्यांनीच निघाली पाहिजे.

२४ सप्टेंबर

उरलेल्या दोन विक्रेत्यांपैकी एकाच्या सॉफ्टवेअरात करदर वस्तूला चिकटवलेला आहे. दर बदलला की जुन्या बिलाची प्रतही नव्या दराने छापली जाते, परताव्याची नोटही ५ टक्क्यांनी निघते. दुसऱ्यात दराला 'या तारखेपासून' असा रकाना आहे आणि क्रेडिट नोट मूळ बिलाला बांधलेली आहे. निवड इथे संपली.

दर बदलेपर्यंत थांबायची गरज नसते. चाचणीच्या प्रतीत पुढच्या तारखेचा काल्पनिक दर घाला, मागच्या तारखेचे बिल परत करा, पाच मिनिटांत कळते.

१ ऑक्टोबर

म्हापशाला एक काउंटर नवा, एक जुना. 'समांतर चालवणे' म्हणून तेच बिल दोन्हीकडे फाडायचे नाही. एका विक्रीची दोन बीजके होतात आणि विवरणपत्रात दुप्पट कर दिसतो. दोन काउंटर, दोन मालिका, दोन्ही वेगळ्या गिऱ्हाइकांची.

वजनकाट्याचा बारकोड बसवला. दुकानातल्या वापरासाठी २ ने सुरू होणारे ईएएन-१३ (१३ आकडी बारकोड) क्रमांक राखीव असतात. आपला आराखडा: २१, मग पाच आकडे मालाचे, पाच आकडे ग्रॅमचे, शेवटचा तपासणीचा. २१००३२०००४८५१ म्हणजे माल ००३२०, वजन ४८५ ग्रॅम. तपासणी अंक: विषम स्थानांची बेरीज १३, सम स्थानांची १२, तिची तिप्पट ३६, एकूण ४९, पुढच्या ५० ला १ कमी. काट्याने पाच आकड्यांत वजनाऐवजी किंमत छापली तर बिल चुपचाप चुकते, कारण दोन्ही आकडे 'बरोबर' दिसतात. काट्याच्या सेटिंगचा छापील कागद काट्याच्या मागे चिकटवला.

७ ऑक्टोबर

रात्रीच्या मेळात पैशांचा फरक. तपासले. तीच ४८५ ग्रॅमची पिशवी, करासह ९८० रुपये किलो: ४७५.३०. १.०५ ने भागून करपात्र ४५२.६७, त्यावर सीजीएसटी (केंद्राचा) ११.३२, एसजीएसटी (राज्याचा) ११.३२, बेरीज ४७५.३१. एक पैसा वाढला. दिवसाला शेकडो ओळी असल्या की पूल रोज 'जुळत नाही' म्हणून अडतो.

उपाय: दोन्ही कर आधी काढून गोल करायचे आणि एकूण रकमेतून वजा करायचे. करपात्र ४५२.६६, कर ११.३२ दोनदा, बेरीज ४७५.३०. बिलिंगमध्ये ही सेटिंग होती, मूळ स्थितीत बंद. रुपयाची गोलाई बिलाच्या शेवटी एकदाच, तिचे स्वतंत्र खाते.

१७ ऑक्टोबर

पूल चालू. बिलिंगमधून दिवसाची विक्री एक्सएमएल फाइलमध्ये निघते आणि टॅलीच्या ९००० क्रमांकाच्या पोर्टवर (बाहेरून डेटा घेण्याच्या दारावर) जाते. नोंदणीकृत ग्राहकांची बिले एकेक, बाकीच्यांची काउंटर, दिवस, लॉट आणि दर यांनुसार एकत्र. लॉट गाळला तर दुकानातला साठा जुळेल, पण मानांकनाची साखळी इथेच तुटेल.

दोन ठिकाणी अडकते. मालाचे नाव दोन्हीकडे अक्षरशः एकच हवे; शेवटी पडलेली एक मोकळी जागाही चालत नाही, म्हणून जुळणी नावाऐवजी कोडवर ठेवली. दुसरे, फाइल चुकून दोनदा गेली तर विक्री दुप्पट होते. व्हाउचर क्रमांकात दुकान, काउंटर आणि तारीख घालून टॅलीत दुबार क्रमांक रोखण्याची सोय चालू केली.

बिलावर मालाचे नाव देवनागरीत हवे होते. ८० मिमीचा थर्मल प्रिंटर मजकूर म्हणून देवनागरी छापत नाही, प्रश्नचिन्हे येतात. चित्र म्हणून पाठवावे लागते. छपाई थोडी मंदावते, चालण्यासारखी आहे. अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक आणि जीएसटी क्रमांक बिलाच्या माथ्यावर घातले.

१२ नोव्हेंबर

म्हापशाचा दुसरा काउंटरही नव्यावर. पणजी २४ पासून. तिथे नेटची दुसरी जोडणी वेगळ्या कंपनीची घेतली, पहिलीच्याच खांबावरून येणारी नाही.

करारात घालून घेतलेले मुद्दे: मुख्य प्रशासकाचे खाते पेढीच्या ईमेलवर, बसवणाऱ्याच्या नाही. संपूर्ण डेटा केव्हाही सीएसव्हीमध्ये (कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणारी फाइल), ग्राहकांचे मोबाइल नंबर धरून. करार संपल्यावर ९० दिवस वाचनाची मुभा. पुलाचा मूळ कोड पेढीच्या ताब्यात. पेढी कंपनी नसल्यामुळे हिशेबातला बदलांचा माग ठेवणे कंपनी कायद्याने बंधनकारक नाही, तरी टॅलीत तो चालू ठेवला. दोन दुकाने, हंगामी माणसे, चालू असलेला बरा.

बाकी राहिलेले: टॅलीचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहणे (घेतला जातो, उघडून कोणी पाहिलेला नाही). जानेवारीत कारखान्यातल्या दोघांना ग्रेडिंगचे टक्के भरायला शिकवणे. ३१ मार्चला रात्री लॉटनिहाय मोजदाद, तोच १ एप्रिलचा आरंभीचा साठा. जुना बिलिंग प्रोग्रॅम काढून टाकायचा नाही; त्याचा संगणक नेटपासून तोडून पणजीच्या माळ्यावर ठेवायचा, मागची बिले लागली तर तिथेच आहेत.